चौघांची सहल

आमच्या घरात लग्न असो, बारसं असो की आणखी काही, जेवणं उरकून पडवीत पानाचं तबक फिरायला लागलं की कुणीतरी म्हणतंच, "ते बागेचं काढा रे." मग झालं! एका रविवारची सहल, सकाळी गेलो नि रात्री परत आलो, पण तिचे किस्से अजून वाढतायत. किस्से सोडा, माणसंसुद्धा वाढतायत. त्या मेटॅडोरमध्ये बसलो होतो त्याच्या दुप्पट लोक आता छातीठोकपणे सांगतात, मी होतो की! परवा माझ्या चुलतभावानेही सांगितलं. तो तेव्हा जन्मलाही नव्हता. मी म्हटलं, असशील बाबा, टपावर असशील.

मी मात्र खरंच होते. चौथीत होते, मागच्या सीटवर आईला चिकटून बसले होते. त्यामुळे माझं ऐका.

*

आमची वाडी सावर्ड्यापासून जवळच. बाबा बोटीवर होते, इंजिनरूममध्ये ऑइलमन. वर्ष-सव्वा वर्ष पाण्यावर, मग दीड-दोन महिने घरी. आणि बोटवाला घरी आला म्हणजे तो काही एकट्या बायकोपोरांचा नसतो. सकाळी चहाला माणसं, दुपारी जेवायला माणसं, संध्याकाळी जपानात लोक काय खातात ते ऐकायला माणसं. घरात पुरुषांची पंगत आधी, बायकांची मागाहून. रात्री बाबा पडवीत आजोबांच्या शेजारी आणि आई माजघरात आम्हा पोरांना घेऊन. आजोबांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते बोटवाल्या मुलाला डोळ्यांआड होऊ देत नसत.

थंडीचे दिवस होते. एका सकाळी आई बाबांना न्हाणीत गरम पाणी देत होती आणि मी चुलीशी शेकत बसले होते. आई एकदम म्हणाली, "अहो, तुम्ही आल्यापासनं आपण एकदा तरी धड बोललोय का? भात वाढू का, आमटी वाढू का, एवढंच."

बाबांनी हातातला तांब्या खाली ठेवला. पुढच्याच बुधवारी ते परत बोटीवर जाणार होते. मग हळूच म्हणाले, कराडच्या पुढे कुणीतरी नवीन बाग काढलीय, पाळणे आहेत, जनावरं आहेत, रविवारी जाऊ. तू, मी आणि पोरं. चौघंच. कुणाला सांगायचं नाही.

आईने कुणाला सांगितलं नाही. मी सांगितलं नाही. माझा धाकटा भाऊ बंड्या, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, त्यानेही सांगितलं नाही. सांगितलं कुणी? बाबांनीच! गाडी ठरवायला सावर्ड्याच्या बाजारात गेले, तिथे चारजणांनी विचारलं, कुठे निघालात, आणि बाबांना खोटं बोलता येत नसे. त्यातून जीप लग्नाच्या वऱ्हाडात गेलेली. गाडीवाला म्हणाला, मेटॅडोर न्या, ऐसपैस बसा.

रविवारी पहाटे आई सिंगापूरची साडी नेसून बाहेर आली. बाबांनी मागच्या खेपेला आणलेली, निळी, अजून घडी न मोडलेली. हातात चौघांपुरता डबा. अंगणात मेटॅडोर उभी, आणि आत माणसं! पुढे आप्पा, कानाला मफलर गुंडाळून. त्यांच्यामागे शेजारच्या घरातली मंडळी. मध्ये पाय सोडून बसलेली थोरली काकू, पदराखाली दोन मोठे डबे. काकू म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. काका मुंबईला नोकरीला, त्यामुळे घराचा सगळा कारभार तिच्याकडे.

बाबांनी आत डोकावलं. आप्पा खिडकीतून म्हणाले, "आमचं काय, आम्ही कोपऱ्यात बसू. तुमची सहल तुम्ही करा."

आई परत आत गेली, साडीचा पदर खोचला आणि चुलीवर मोठं पातेलं चढवलं. आम्ही निघालो ते चांगलं उजाडल्यावर.

*

वाटेत पोफळी लागते. तिथे आमची आत्या राहायची, पॉवरहाउसच्या कॉलनीत, आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, पॉवरहाउसमध्ये नोकरीला. आप्पा म्हणाले, लेकीच्या दारावरून जायचं आणि चहा न घेता जायचं, हे काही बरं नाही. चहा झाला, पोहे झाले, आत्याच्या गुडघ्याची चौकशी झाली. गुडघ्यामुळे आत्या आली नाही. आतोबा आले.

आतोबा माणूस सोन्यासारखा, पण वीज म्हणजे त्यांची घरची दुभती म्हैस. कुठेही दिवा दिसला की म्हणायचे, आमच्याकडून येते ती. बसल्या बसल्या सांगायला लागले की कराडचे दिवे आमचे, बागेतले पाळणे फिरणार तेही आमच्याच विजेवर. बंड्याने विचारलं, मग आपल्या वाडीत रोज संध्याकाळी का जाते? आतोबांनी खिडकीबाहेर बघून घाट फार छान आहे म्हटलं.

घाट म्हणजे कुंभार्लीचा. तो चढायच्या आधी बाबांनी गाडी थांबवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की मागे बसलं की हिला गाडी लागते, हिला पुढे माझ्याशेजारी बसू दे. आता आमची आई जयगडची. तिचा बाप होडीवर, ती लहानपणी वादळात होडीत बसून भाकरी खाल्लेली बाई. तिला गाडी लागणार? पण तिनेही डोळे मिटले, कपाळाला हात लावला आणि पिशवीतून लिंबू काढून नाकाशी धरलं. बाबांना खोटं बोलता येत नसे, पण त्या दिवशी बोलले. मला इतकं हसू येत होतं की मी बंड्याला उगीचच चिमटा काढला.

आई पुढे जाऊन बसली. बाबांनी तिच्या बाजूची काच खाली केली. गाडी निघाली, पहिलं वळण आलं आणि मागून काकूचा आवाज आला, "गो बाय माझे, थांबवा!" काकूला खरीच गाडी लागली. अशी लागली की तिला पुढे नेऊन बसवण्यावाचून इलाज उरला नाही. मग सबंध घाटभर काकू बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून, बाबा टोपीने तिला वारा घालतायत, आणि आई परत माझ्याशेजारी मागच्या सीटवर.

थोड्या वेळाने आईने हातातलं लिंबू माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, जा, पुढे काकूला दे.

*

बाग खरोखर सुंदर होती हो. फाटकावर सिमेंटचा हत्ती, आत घसरगुंड्या, टबात फिरणारी होडी, मोठा आकाशपाळणा, आणि बागेला फेरी मारणारी झुकझुक गाडी. तिचे डबे लाल-पिवळे, एकेका बाकावर दोघंच बसतील एवढे. बाबांनी तिकिटं काढली आणि आईकडे बघितलं. मला कळलं. मी बंड्याला ओढून पुढच्या डब्यात नेलं.

आणि इंजिन सुरूच होईना! चालवणारा पोरगेला माणूस, घामाघूम झाला. तेवढ्यात आप्पा पुढे सरसावले. काठी आपटून म्हणाले की बाजूला हो, माझा मुलगा मोठ्या बोटीची इंजिनं चालवतो, हे काय खेळणं आहे. बाबा नको नको म्हणतायत, आप्पा ऐकतायत कशाला? भोवती गर्दी जमली. बाबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि त्या चिमुकल्या इंजिनाखाली आडवे झाले. बराच वेळ नुसते पायच दिसत होते. आई डब्यात एकटी बसून होती, शेजारी बाबांची रिकामी जागा, तिच्यावर तिने पिशवी ठेवलेली.

शेवटी इंजिनाने धूर सोडला आणि गाडी हलली. पण बाबांचे हात कोपरापर्यंत काळे, त्या हातांनी सिंगापूरच्या साडीशेजारी बसणार कसे? शिवाय ती थांबवली तर परत सुरू होईल याची खात्री नाही. त्यामुळे ते तसेच रुळाशी उभे राहिले. गाडी निघाली तसं आईने बाहेर वाकून हात वर केला.

"आज मी निघाले," ती म्हणाली. "आज तुम्ही हात हलवा."

बाबांनी हात हलवला. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत हलवत होते. इतकी वर्षं बाबा जाताना एस.टी. स्टँडवर आई जशी उभी राहायची ना, अगदी तसे. सगळे हसले, मीही हसले. पण मला तेव्हाच कसंतरी झालं होतं.

*

जेवणाचा किस्सा मात्र निव्वळ काकूचा. लोक बागेत कसे जेवतात? गोल करून, मिळून, एकमेकांच्या डब्यात हात घालून. आईच्या मनात तेच असणार. तिने झाडाखाली चादर अंथरली आणि बाबांना हाक मारली. पण काकूला गाडीतून उतरल्याबरोबर तरतरी आली होती. तिने चादर उचलली, दोन घड्या केल्या, लांबलचक पसरली आणि हुकूम सोडला, "पुरुष बसा. बायका वाढतील." त्या हिरवळीवर, बिबट्याच्या पिंजऱ्यासमोर, आमच्याकडच्या पुरुषांची पंगत बसली! आप्पा मध्ये, उजवीकडे आतोबा, डावीकडे बाबा. पत्रावळीसुद्धा काकूने घरून आणलेल्या. आई भाताचं पातेलं कमरेवर घेऊन वाढते आहे आणि येणारेजाणारे बिबट्या सोडून आम्हाला बघतायत.

बिबट्या आम्ही आल्यापासून झोपलेला होता. पोरांनी हाका मारून मारून घसे कोरडे केले तरी त्याने कान हलवला नव्हता. काकूने भाजलेल्या सुक्या बांगड्यांचा डबा उघडला मात्र, स्वारी उठली, गजांशी आली आणि तोंड लावून उभी राहिली. काकूने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "बस. तुझी पंगत मागाहून."

आमचा शेजारी अजून सांगतो की बिबट्या खरंच बसला. बसला होता की नाही ते मला आठवत नाही. आई बाबांना वाढताना क्षणभर वाकली होती ते आठवतं. बाबा काहीतरी हळूच म्हणाले, ती "काय?" म्हणून अजून वाकली, आणि पलीकडून आप्पांनी आमटी मागितली.

*

आता काकूवर तुम्ही रागावाल, म्हणून अस्वलाचं सांगते.

जेवल्यावर पिंजरे बघायला गेलो. मोर, हरणं, एक म्हातारी मगर. शेवटच्या पिंजऱ्यात अस्वल, एकच. बसून होतं, वाटेकडे तोंड करून. राखणदाराने सांगितलं की ही मादी आहे. काकूने विचारलं, मग हिचा नर कुठाय? तो म्हणाला की त्याला मुंबईला नेलाय, वर्ष होऊन गेलं, परत आणणार म्हणतात पण कधी ते ठाऊक नाही.

काकू म्हणाली, "मनिऑर्डर पाठवतो का?"

अरे, काय हसले लोक! राखणदार पोट धरून बसला. आप्पांनी डोळे पुसले. ओळखीचे नसलेले लोकही हसत होते, आणि तिथले निम्मे आपल्याकडचेच, मुंबईला माणूस असलेले, त्यामुळे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे अजूनही मुंबईला नवा कुणी नोकरीला लागला की हेच वाक्य टाकतात.

हसली नाही ती एकटी काकू. सगळे पुढे गेले तरी ती तिथेच उभी. मी तिला बोलवायला मागे आले. ती गजांतून बघत होती. मला म्हणाली, "तुझा काका यंदा गणपतीला पण नाय आला." मी म्हटलं, येईल शिमग्याला. ती म्हणाली, होय, येईल. मग वळून तिने आईबाबांकडे बघितलं. आई पुढे बायकांत चालत होती, बाबा मागे पुरुषांत. काकू बराच वेळ बघत राहिली. मग माझा हात घट्ट धरून चालायला लागली.

*

राहिला आकाशपाळणा.

तो आम्ही शेवटी ठेवला होता, कारण आतोबांचं म्हणणं, दिवे लागले की त्याची शोभा. ऊन उतरलं, डोंगराकडून गार वारा सुटला, पाळण्याभोवतीचे रंगीत दिवे लागले. आतोबा म्हणाले, बघा! जणू स्वतः वर चढून लावून आले होते.

पाळणे भरत चालले. शेवटचा एकच राहिला. त्यात बाबा बसले आणि बंड्या धावला. नेहमीसारखाच मधे जाऊन बसणार. तर काकूने त्याला मागून चड्डीच्या पट्ट्याला धरून उचललं! "ह्याला चक्कर येते," म्हणाली. बंड्याला आयुष्यात चक्कर आली नव्हती, त्याने बोंब ठोकली. आप्पा म्हणाले, मग मी बसतो. काकूने सासऱ्यांसमोर कधी मान वर केली नव्हती, पण त्या दिवशी आप्पांच्या वाटेत आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या कमरेला झेपायचं नाय." आणि आईला दोन्ही हातांनी पाळण्यात ढकललं. आईला पदर सावरायलाही वेळ मिळाला नाही. पाळण्यावरच्या माणसाने दांडी लावली आणि पाळणा वर गेला.

एक फेरी झाली, दुसरी झाली. खाली येताना आई आमच्याकडे बघत होती, हसत होती. तिसऱ्या फेरीला ते अगदी वर पोचले आणि लाईट गेली!

सगळी बाग काळवंडली. पाळणा जागच्या जागी थांबला. वरच्या पोरी किंचाळायला लागल्या, कुणी देवाचं नाव घ्यायला लागलं. आप्पांनी मागे वळून आतोबांना विचारलं की जावईबापू, तुमची वीज कुठे गेली? आतोबांनी गळ्याचं बटण काढलं, परत लावलं आणि ऑफिस शोधायला धावत सुटले. बागेची माणसं आली, बॅटरीचे झोत वर टाकले, घाबरू नका म्हणून ओरडली. हाताने पाळणा फिरवता येतो म्हणे, पण त्याची कसलीशी पिन मिळेना.

काकू तर रडायलाच लागली. मीच ढकलली गो तिला, मीच ढकलली, हेच चाललं होतं तिचं. गणपतीला नारळ बोलली, मग नारळाचं तोरण बोलली, मग गावच्या देवीला साडी बोलली. ड्रायव्हर तिकडून हॉर्न वाजवत होता, घाट अंधारात उतरायचा होता. खालच्या पाळण्यांतली माणसं उड्या मारून उतरली. वरचे ओरडून ओरडून थकले.

एकाच पाळण्यातून आवाज नव्हता. अगदी वरच्या. आप्पांनी दोनदा हाक मारली, उत्तर नाही. मी मान मोडेपर्यंत वर बघत होते. आभाळात अजून थोडा उजेड होता, त्यात दोन डोकी दिसत होती, जवळ जवळ. मग वरून आईचं हसू आलं. मोठ्याने. आमच्या घरात बायका तोंडाला पदर लावून हसतात. आईचं तसं हसणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगते, नंतरही फार नाही ऐकलं.

काय बोलले ते दोघं तिथे वर, देव जाणे. आईने कधी सांगितलं नाही. बुधवारी बाबा गेले ते नेहमीसारखे गेले, एस.टी. स्टँडवर सगळी वाडी पोचवायला आली होती. पुढे मी मोठी झाले, लग्न झालं, माझाही नवरा परगावी. मग एकदोनदा विचारलंही तिला. ती म्हणायची, असंच गो, इकडचं तिकडचं. आता दोघंही नाहीत. मला अजून वाटतं, खोदून विचारायला हवं होतं. मग वाटतं, बरं झालं नाही सांगितलं, तेवढं तरी एक त्यांचं त्यांच्याजवळ राहिलं.

तर, लाईट आली. खटकन सगळे दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑफिसकडून आतोबा छाती काढून चालत आले. पाळणा करकरत फिरला आणि त्यांचा पाळणा खाली आला. दांडी निघायच्या आत काकू धावली. आईचे दोन्ही हात धरले, तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, रडतेय नि विचारतेय, "घाबरलीस काय गो? माझ्या बाये, घाबरलीस काय?"

आईने वर बघितलं. त्या लागलेल्या दिव्यांकडे बघितलं. मग काकूला म्हणाली,

"वैनी, एवढ्यात आली लाईट?"